आपे, ॲपे आणि आप्पे

रांजणगाव फाट्यावरून बाबा पेट्रोल पंपाकडे निघालेल्या आमच्या ॲपेचं पुढचं चाक पंढरपूरजवळ बसलं. हे पंढरपूर म्हणजे आमचं वाळूजचं, छोटं पंढरपूर. सगळे उतरले, मीही उतरलो आणि चाक काढणाऱ्या चालकाशेजारी वाकून बघत राहिलो. मोटरसायकलचं पुढचं चाक दोन पायांच्या मध्ये धरलेलं असतं. हे चाक मात्र एकाच बाजूच्या जाड दांड्यावर टांगलेलं होतं, दुसरी बाजू मोकळी. चार नट सुटले, चाक बाजूला निघालं, त्याच जागी स्टेपनी चढली.

“दादा, ॲपे म्हणजे काय हो?”

“कंपनीचं नाव हाय काका.”

कंपनीचं नाव पियाजिओ. मग ॲपे काय? त्या एकाच दांड्याचा आणि या दोन अक्षरांचा माग काढता काढता मी अशा ठिकाणी पोचलो की आता रस्त्यावर ॲपे दिसली की मला पंख दिसतात.

दांड्याची गोष्ट आधी. कोरादिनो दास्कानियो हा विमानांचा आणि हेलिकॉप्टरचा अभियंता. १९३० मध्ये त्याच्या हेलिकॉप्टरने उड्डाणाचे विक्रम केले होते. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओचा पोन्तेदेरा इथला विमानांचा कारखाना बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर कंपनीच्या एन्रिको पियाजिओने दास्कानियोला लोकांना परवडेल असं दुचाकी वाहन करायला सांगितलं. त्याला मोटरसायकल मुळातच आवडत नव्हती. तेलाने कपडे खराब होतात, पंक्चर काढताना जीव जातो. म्हणून विमानाचं उतरण्याचं चाक जसं एका बाजूने धरलेलं असतं, तसंच त्याने स्कूटरचं चाक धरलं. एप्रिल १९४६ मध्ये त्या स्कूटरचं पेटंट नोंदवलं गेलं. बारीक कंबर आणि फुगीर मागचा भाग बघून एन्रिकोला गांधीलमाशी आठवली, असं सांगतात. काही जण इंजिनाच्या गुणगुणीला श्रेय देतात. मी कंबरेच्या बाजूचा आहे. नुसती गुणगुण तर डासही करतो. गांधीलमाशीला इटालियनमध्ये म्हणतात वेस्पा.

दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच वेस्पाला मागे दोन चाकं आणि माल ठेवायला हौदा जोडला गेला. नांगी मारणारी वेस्पा, तर ओझं वाहणारी कोण? कष्टाळू मधमाशी. इटालियनमध्ये ‘आपे’. आमची ॲपे ती हीच.

इथे वाद घालणारे भेटतात. एक म्हणतात, गाडीवरची ‘Ape’ ही अक्षरं इंग्रजीत वाचली की माकडाच्या जातीचं नाव होतं, ते पुढे बिघडलं. हे मला मुळीच पटत नाही. तसं असतं तर मराठीत ‘एप’ आलं असतं, शेवटचा ‘पे’ आलाच नसता. तो ‘पे’ अस्सल इटालियन आहे, जराही न झिजता आमच्या तोंडी राहिलाय. दुसरे म्हणतात, ही कुठल्या तरी तीन शब्दांची आद्याक्षरं आहेत. कुठल्या, हे कुणी सांगत नाही. तिसरा तर्क स्वयंपाकघरातला. रिक्षाचं गोलमटोल तोंड आप्प्यासारखं, म्हणून ॲपे. हा तर्क गोड आहे, पण आप्पे दक्षिणेच्या अप्पमच्या घरातले, त्यांचा पोन्तेदेराशी काही संबंध नाही.

तरीही आप्प्यांनी या शब्दाच्या घडणीत हात घातलाय असं मला ठामपणे वाटतं. इटालियन उच्चार ‘आपे’ असताना आपण ‘ॲपे’ का म्हणतो? माझं उत्तर असं: पहिलं अक्षर लोकांनी पाटीवर इंग्रजी वळणाने वाचलं, दुसरं विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलं. आणि ‘आपे’ म्हणायची वाट आप्पेपात्राने आधीच अडवलेली होती. आपे आली म्हटल्यावर मराठी माणूस ताटाकडे बघेल, रस्त्याकडे नाही. शब्द वेगळा ठेवायला ‘ॲ’ लागला. लिंग मात्र बदललं नाही. इटालियनमध्ये ती स्त्रीलिंगी, मराठीत रिक्षा आणि गाडीच्या संगतीने तीही स्त्रीलिंगीच.

आता या शब्दाचं मूळ. ‘आपे’ लॅटिनच्या ‘एपिस’मधून आली. एपिस कुठून आला यावर भाषापंडित अजून भांडतात, काही जण थेट प्राचीन इजिप्तच्या भाषेकडे बोट दाखवतात. पण हाच एपिस आमच्या जिल्ह्यात कधीपासून राहतोय. अजिंठ्याच्या कड्याला लोंबणारं आग्या मोहोळ, जे कधी उठलं की पर्यटकांची पळापळ होते, त्या माशीचं शास्त्रीय नाव एपिस डॉर्साटा. लेण्यांच्या वाटेवरच्या ॲपेचं आणि वरच्या मोहोळाचं नाव एकच आहे.

वेस्पाची बाजू तर माझ्या मते याहून जवळची. तिचं मूळ विणण्याच्या धातूत शोधतात. कागदासारखं घरटं विणणारी, म्हणून गांधीलमाशी. त्याच धातूचा संस्कृत वारस म्हणजे ‘ऊर्णवाभि’, लोकर विणणारा, कोळी. हिमरू आणि पैठणीच्या मुलखात वेस्पा म्हणजे विणकरीण, हे मला फार आवडलं.

बाकीचं थोडक्यात. ‘रिक्षा’ जपानी, मूळ अर्थ माणसाच्या बळावर चालणारी गाडी. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर १९६० च्या सुमारास वेस्पा बनवायला घेतली, १९७१ मध्ये तो करार संपला, पुढच्या वर्षी चेतक आली. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि औरंगाबादचं नशीब बदललं. १९९९ पासून पियाजिओ स्वतः बारामतीत ॲपे बनवू लागली. म्हणून नगर नाक्यावर रिक्षा पकडताना ‘बजाज हवी का ॲपे?’ असा भेद केला जातो. वंशावळ बघितली तर दोघी एकाच पोळ्यातल्या. पंक्चरवाल्याकडे दोघींची पुढची चाकं बघा, दोन्ही एकाच बाजूने टांगलेली.

जुन्या इटालियन गाड्यांचा मेळावा म्हटलं की लोक लॅम्ब्रेटा आणतात, वेस्पा आणतात, कुर्ल्यात बनलेली फियाट पॉलिश करून आणतात. ॲपेला कुणी बोलवत नाही, कारण ती अजून कामावर असते. पोन्तेदेराला कारखान्याच्या जुन्या इमारतीत पियाजिओचं संग्रहालय आहे, तिथे ती मानाने उभी आहे. २०२४ अखेर पोन्तेदेरातलं तिचं उत्पादन थांबलं. मधमाशी आता बारामतीहून उडते.

त्या दिवशी स्टेपनी चढवून झाल्यावर मी चालकाला म्हणालो, “दादा, ॲपे म्हणजे मधमाशी.” त्याने हात पुसले, पान्याने त्या दांड्यावर एकदा ठोकून बघितलं आणि म्हणाला, “बसा काका, पुढं सरका जरा, नगर नाक्यावर दोघं घ्यायचेत.”