म्हातारा दारूगोळा

दारूगोळा रणांगणावर उडतो तेव्हा त्याचा इतिहास लिहिला जातो. तो कोठारात पडून म्हातारा होतो, तेव्हा मात्र त्याची वास्तपुस्त करण्यास इतिहासकार सहसा जात नाहीत. आज या दुसऱ्या, उपेक्षित दारूगोळ्याविषयी बोलावयाचे आहे.

ही कथा आपल्याच पावसाळ्यापासून सुरू होते. हिंदुस्थानातील छावण्यांत साठविलेली पितळी काडतुसे पावसाळी दिवसांत आपोआप तडकतात, असे इंग्रजी फौजेला फार पूर्वी आढळून आले. दोष ऋतूचा मानून या विकाराचे नावही ऋतूवरूनच पडले. खरा अपराधी 1921 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिला. काडतुसे तबेल्यांच्या आसऱ्याला ठेवीत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेच्या साह्याने पितळात शिरे आणि घडवताना त्या पितळात उरलेला ताण तेथेच उकले. पितळ मंद आचेवर तापवून तो ताण काढून टाकणे, हा त्यावरील साधा उपाय. घोडे आणि काडतुसे एकाच लष्कराची, पण त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते, एवढे कळावयास इतकी वर्षे लागली!

कवचापेक्षा आतले द्रव्य अधिक कपटी. तोफेच्या दारूतील नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटत राहते, त्यातून निघणारी आम्ले विघटनाला आणखी वेग देतात, आणि उष्णता या साऱ्याला खतपाणी घालते. म्हणून त्यात स्थैर्य देणारे द्रव्य मिसळलेले असते. ते संपले की धोका सुरू होतो. काही स्फोटनलिकांतील शिशाचे अॅझाइड ओलाव्यात तांब्याला भिडले, तर नुसत्या घर्षणाने फुटणारे संयुग बनू शकते. तेव्हा गंजलेला गोळा निकामी झाला, असे मानणे ही घातक चूक होय. तो लक्ष्यावर फेकण्यास निकामी असेल. उचलणाऱ्याच्या हातात तो कामाचाच असतो.

मग त्याचे करावे काय? दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांना सोपे उत्तर सापडले: समुद्र. स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यामधील बोफोर्ट डाइक नावाच्या खोल दरीत दहा लाख टनांहून अधिक युद्धसामग्री लोटण्यात आली. 1972 च्या लंडन कराराने अशा विसर्जनाला आळा घातला. बुडवलेले मात्र तेथेच राहिले. थेम्स नदीच्या मुखाशी 1944 साली फुटलेल्या ‘रिचर्ड माँटगोमेरी’ या जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके अजून पडून आहेत. ते काढावे की तसेच राहू द्यावे, हा वाद पिढ्यान्पिढ्या चालला आहे. धास्ती अकारण नाही. 1967 मध्ये इंग्लिश खाडीत ‘किएल्त्से’ या बुडालेल्या पोलिश जहाजावर काम चालू असता त्याचा स्फोट झाला आणि दूरच्या भूकंपमापकांनी त्याची नोंद घेतली.

आपल्याकडे हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातील पुलगावात उभा राहिला. तेथील मध्यवर्ती दारूगोळा भांडारात 31 मे 2016 च्या पहाटेपूर्वी रणगाडाविरोधी सुरुंगांच्या कोठाराला आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह सोळांहून अधिक माणसे गेली. त्यांत अग्निशमन करणारे अनेक होते. सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याची चर्चा पुढे बरेच दिवस झाली. साठवून ठेवण्यात जोखीम आहे, हे त्या रात्री दिसले.

नष्ट करण्यातही ती आहेच. 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी पुलगावजवळ सोनेगाव आबाजी शिवारात, जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीकडून आलेला जुना दारूगोळा नष्ट करण्याची तयारी चालली होती. पद्धत ठरलेली: खड्डे खणावयाचे, त्यांत माल ठेवावयाचा, वर माती टाकावयाची आणि दूर जाऊन उडवावयाचा. पेट्या उतरवतानाच स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांत कंत्राटदाराकडे राबणारे आसपासच्या गावांतील मजूर होते. बंद भट्टीत माल जाळून धूर गाळून घेण्याची रीत जगात अस्तित्वात आहे, पण ती खर्चाची. खड्डा आणि मजूर स्वस्त पडतात.

त्या शिवारात स्फोट शांत झाल्यावर आजूबाजूची गरीब माणसे मातीतून धातूचे तुकडे वेचावयास जात. पितळाला भंगारात भाव येतो. पावसाळ्यात तडकणारे तेच हे पितळ. सरकारदरबारी कालबाह्य ठरले, तरी त्यावर कुणाच्या घरची संध्याकाळची चूल पेटत होती.