विद्यापीठ बदलताना गणिताचे श्रेयांक

आपल्या बडोद्यातील मराठी कुटुंबांतली काही मुले पदवीचे एखादे वर्ष येथे करून पुण्या-मुंबईला जातात, काही तिकडून येथे येतात. अशा वेळी उत्तीर्ण झालेले गणिताचे पेपर नव्या विद्यापीठात धरले जातील का, ही पालकांची मोठी काळजी असते. त्यासाठी ही माहिती.

श्रेयांक म्हणजे काय?
सत्रभरात सुमारे १५ तास शिकवण्याचा एक श्रेयांक (क्रेडिट) होतो. प्रात्यक्षिकासाठी ३० तास धरतात. म्हणजे चार श्रेयांकांचा पेपर ६० तासांचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात.

श्रेयांकांची बँक
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार जुलै २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. विद्यार्थ्याचे खाते डिजिलॉकरमधून उघडता येते. मात्र या खात्यात भरणा विद्यार्थी करू शकत नाही, तो शिक्षणसंस्थाच करते. श्रेयांक साधारणपणे कमाल सात वर्षे वापरता येतात आणि एकदा पदवीसाठी वापरले की पुन्हा वापरता येत नाहीत.

जमा झाले, पण वटतील का?
चेक हातात असणे आणि तो वटणे यांत फरक असतो, तसेच हे आहे. आपल्या कोणत्या पेपराऐवजी तुमचा पेपर धरायचा, हे नवे विद्यापीठ अभ्यासक्रम पाहून ठरवते. गणितात हे विशेष जाणवते, कारण पुढचा पेपर मागच्यावर उभा असतो. एकीकडे ‘कॅल्क्युलस’मध्ये एकाच चलाचे कलन असते, तर दुसरीकडे त्याच नावाखाली अनेक चलांचेही असते. ‘लिनिअर अल्जिब्रा’त कोठे मॅट्रिक्सवर भर, तर कोठे व्हेक्टर स्पेसवर. माझ्यासारख्या बी.कॉम.वाल्याने शिकलेले व्यापारी गणित बी.एस्सी.च्या कॅल्क्युलसची जागा घेऊ शकत नाही.

माझी बदली झाली तेव्हा मुलीला दुसऱ्या वर्षी विद्यापीठ बदलावे लागले. तेव्हा श्रेयांक नव्हते, पण अडचण हीच होती. पेपरचे नाव दोन्हीकडे एकच, पण नव्या पेपरात डिफरन्शियल इक्वेशन्स जास्तीची होती. प्रवेश झाल्यावर हे कळले. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर तिला तो पेपर पुन्हा द्यावा लागला. आम्ही आधी विचारले असते, तर ती सुट्टीतच तयारी करू शकली असती.

प्रवेशापूर्वी काय करावे?
१. ज्या वर्षी शिकलो त्या वर्षीचा, घटक आणि तास दाखवणारा अभ्यासक्रम कॉलेजच्या सही-शिक्क्यासह घ्यावा.
२. दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून घटकवार तक्ता करावा. तीन श्रेयांकांच्या पेपराऐवजी तिकडे चार असतील, तर उरलेला एक कसा भरून काढायचा ते विचारावे.
३. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि श्रेयांक खात्यातील नोंदी ताडून पाहाव्यात. चूक जुने कॉलेज सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी.
४. समकक्षतेसाठी अर्ज करून निर्णय लेखी घ्यावा. ‘होऊन जाईल’ या तोंडी आश्वासनावर जुना प्रवेश रद्द करू नये.
५. मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रता प्रमाणपत्र यांच्या मुदती विचारून ठेवाव्यात.

एखादा पेपर धरला गेला नाही, तर तो ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून करता येईल का, हेही विचारावे. मात्र विद्यापीठाची मान्यता नोंदणीपूर्वी घ्यावी.