शतावधानाच्या पलीकडे

असामान्य बुद्धीच्या माणसांची गाठ आयुष्यात क्वचितच पडते. आणि पडली, तरी त्यांच्यापासून नेमके काय घ्यावे हा विवेक त्याहूनही दुर्मिळ असतो. अशी एक चिरस्मरणीय भेट जुलै १८९१ मध्ये मुंबईत घडली.

बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेले मोहनदास गांधी बंदरावर उतरले, तेव्हा मातोश्री पुतळीबाईंच्या निधनाची वार्ता त्यांना प्रथमच कळली. विलायतेस जाताना याच मातेसमक्ष, जैन मुनी बेचरजी स्वामींच्या साक्षीने, त्यांनी मद्य, मांस व परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा घेतली होती. मुंबईत ते डॉ. प्राणजीवनदास मेहता यांच्याकडे उतरले. तेथे मेहतांच्या कुटुंबाचे जामात श्रीमद् राजचंद्र, अर्थात रायचंदभाई, यांचा परिचय झाला. ववाणिया येथे १८६७ साली जन्मलेले श्रीमद् गांधीजींहून अवघ्या दोन वर्षांनी वडील होते.

श्रीमद् शतावधानी म्हणून विख्यात होते. एकाच बैठकीत शंभर निरनिराळ्या गोष्टींकडे अवधान देऊन त्या अचूक स्मरणात ठेवणे, ही ती विद्या. गांधीजींनी आपल्याला अवगत असलेल्या युरोपीय भाषांतील सारा शब्दसंग्रह त्यांच्यापुढे रिता केला. श्रीमदांनी ते सर्व शब्द त्याच क्रमाने पुन्हा सांगितले. त्यांचे इंग्रजी शिक्षण झालेले नव्हते, हे येथे विशेष!

गांधीजींना या शक्तीचा हेवा वाटला. परंतु ते भारले गेले नाहीत. त्यांना जिंकले ते श्रीमदांच्या शास्त्रज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. हिऱ्यामोत्यांचा लाखोंचा व्यापार करणाऱ्या या जव्हेऱ्याच्या गादीवर एखादा धर्मग्रंथ व रोजनिशी सदैव असे. सौद्याची बोलणी संपताच रोजनिशी उघडली जाई. स्वतः श्रीमदांनीही कीर्ती देणारे अवधानाचे जाहीर प्रयोग ऐन तारुण्यात सोडून दिले होते. आत्मसाधनेच्या मार्गात तो लौकिक त्यांना अडसर वाटला.

पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती व मुसलमान स्नेह्यांच्या सहवासात गांधीजींच्या मनात धर्मविषयक शंका दाटल्या, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी श्रीमदांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. आत्मा, ईश्वर, मोक्ष अशा गहन विषयांपासून दंश करू पाहणाऱ्या सर्पास मारावे की नाही येथपर्यंत ते प्रश्न होते. श्रीमदांनी सविस्तर उत्तरे धाडली व गांधीजींचे चित्त स्थिरावले. तरीही गांधीजींनी त्यांना गुरुपदी बसविले नाही. आदर परमोच्च, पण निर्णय स्वतःचा, ही त्यांची वृत्ती अखेरपर्यंत राहिली. आपल्यावर खोल ठसा उमटविणाऱ्यांत टॉलस्टॉय व रस्किन यांचा त्यांनी ग्रंथांसाठी, तर रायचंदभाईंचा प्रत्यक्ष सहवासासाठी उल्लेख केला आहे.

‘आत्मसिद्धि’च्या १४२ गाथा १८९६ साली नडियाद येथे रचून हा महापुरुष १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, राजकोट येथे देह ठेवता झाला. समाजात आजही तल्लख मुलांचे कौतुक होते, आणि ते व्हावेच. मात्र स्मरणशक्ती ही क्षयोपशमाची देणगी आहे. तिला चारित्र्याची जोड मिळते, तेव्हाच ती दुसऱ्याचे जीवन उजळू शकते, हाच या भेटीचा बोध होय.