बाहुल्यांची सुपारी

गेल्या डिसेंबरात भाचीचा फोन आला. ती यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढे एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे.

"मामा, तुम्ही पुण्यात राहता, तुमच्या ओळखी असतील. आम्हाला लहान मुलांसाठी लिहिणारा एखादा लेखक पाहिजे आणि बाहुल्यांचा खेळ करणारा कोणी. सहा शाळा मिळून करायचं ठरवलंय. बुकिंग करून द्या ना!"

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस. माझ्या ओळखी असतील तर कर्जदारांच्या. पण भाचीला नाही म्हणता येत नाही. "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि तो 'बुकिंग' शब्द डोक्यात घोळत राहिला. आमच्या लहानपणी याला सुपारी म्हणत.

आता सुपारी म्हटलं की लोकांना मुंबईचे गुंड आठवतात. पण हा शब्द मूळचा चांगल्या घरचा. जत्रेला तमाशा ठरवायचा, लग्नाला बँड ठरवायचा, तर विडा-सुपारी हातावर ठेवायची आणि वर थोडा इसार द्यायचा. एकदा सुपारी घेतली की कलावंत बांधला गेला, आणि दिली की गावही बांधलं गेलं. कीर्तनकाराला मिळे ती बिदागी, आणि जोडीला शिधा. एवढे वेगवेगळे शब्द आहेत याचाच अर्थ, बाहेरगावच्या माणसाला बोलावून चार घटका ऐकायचं हा आपल्याकडे जुना, रीतसर व्यवहार आहे. आणि या व्यवहारात एक प्रश्न कायम असतो: पैसे कोणी द्यायचे? त्याच्या पोटात दुसरा, जास्त अवघड: मग आत कोण बसणार आणि बाहेर कोण राहणार?

हा प्रश्न मला सुचला तो पुस्तकं वाचून नाही. साल १९७२-७३ असावं. मी चौथीत होतो, वर्गाचा मॉनिटर. एक दिवस शाळेत कठपुतळीवाले आले, राजस्थानातले. नवरा, बायको आणि एक पोरगा. बाजेची आडवी-उभी मांडणी करून त्यांनी व्हरांड्यात रंगमंच केला. गुरुजींनी मला वही दिली आणि सांगितलं, "प्रत्येकी दहा पैसे गोळा कर. ज्यांनी आणले नाहीत त्यांची नावं लिही."

मी लिहिली. अकरा नावं होती. त्यांतला एक मुलगा पोडावरून यायचा. (पोड म्हणजे कोलामांची वस्ती, आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण पुण्यातले पुतणे वाचतात म्हणून सांगतो.) त्या अकरा जणांना वर्गात बसवून दार लोटून घेतलं आणि आम्ही बाकीचे व्हरांड्यात जाऊन बसलो. गुरुजी वाईट नव्हते हो. त्या तिघांना काहीतरी बिदागी तर द्यायला हवी होती, आणि तेवढे पैसे शाळेकडे कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाने पान ओठांत धरून अगदी हुबेहूब बाहुलीचा आवाज काढला. ती चिरकी शिट्टी त्याने दाराआडून ऐकली होती. मग मला विचारलं, "नाचे तवा तिचे पाय दिसत होते का रे?"

मी म्हटलं, "हो तर!"

ते खोटं होतं. खोटं म्हणजे काय, मी बघितलंच नव्हतं. पुष्कळ वर्षांनी कळलं की राजस्थानी कठपुतळीला पायच नसतात. डोकं लाकडाचं, खाली कापडाचे हात आणि पायघोळ घागरा. सूत्रधार ती अशी झुलवतो की घेराखाली पाय आहेत असं आपलं आपणच धरून चालतो. आणि तो चिरका आवाज म्हणजे सूत्रधाराच्या तोंडातली बांबूची 'बोली'. ती चिरकते, आणि ढोलक वाजवणारी बाई त्याचा अर्थ सांगते. आत बसून मी पाय बघितले नाहीत, आणि बाहेर ठेवलेल्या मुलाला नेमका तोच प्रश्न पडला.

असो. भाचीच्या फोननंतर मी वाचायला बसलो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय?

बाहुल्यांचं आणि मराठीचं नातं फार जुनं. ज्ञानेश्वरीतसुद्धा कळसूत्री बाहुलीचे दाखले आहेत. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी ऐकणाऱ्याला तो खेळ सांगावा लागत नव्हता, माहीत होता. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपली. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता, खेळ देवळांतून होत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना पिंगुळी नकाशावर सापडलं.

सांगलीच्या विष्णुदास भाव्यांची गोष्ट तर आपल्या प्रश्नाला अगदी लागू. १८४३ साली त्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, आणि तिथून मराठी रंगभूमीचा इतिहास सुरू झाला असं आपण मानतो. या भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. (त्या जुन्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. पाध्ये म्हणजे अर्धवटरावांचे पाध्ये.) भाव्यांच्या मागे सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन उभे होते. १८५१ साली ते वारले आणि आश्रय गेला. मग मंडळी घेऊन गावोगाव हिंडणं आलं, आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग आले. राजा होता तोवर राजा पैसे देई. राजा गेला, तिकीट आलं. माझ्या वहीतले दहा पैसे त्याच तिकिटाचे दूरचे नातलग.

तिकिटाआधी, देवळात खेळ होत तेव्हा सगळे आत बसत असतील असं म्हणून उसासा टाकायचा मोह होतो. पण तसं नव्हतं. तिकीट नव्हतं, जात होती. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, ही काही फार लांबची गोष्ट नाही.

आणि मुलांना गोष्टी सांगायची चळवळ याच माणसाच्या नावाने उभी राहिली. अमळनेरच्या शाळेत असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढत. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली. १९५० मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. मुलं एकत्र बसवायची आणि गोष्ट सांगायची, एवढंच. राजा मंगळवेढेकरांसारखे लेखक या कामात रमले. लेखक चालत मुलांपर्यंत जातो ही पद्धत आपल्याकडे परदेशातून आलेली नाही, घरचीच आहे. आणि या घरच्या पद्धतीत दहा पैशांची वही नव्हती.

आता यवतमाळचं सांगतो. १९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. बाबा मला एस्टीने घेऊन गेले होते. मला आठवतो तो मांडव, गर्दी, आणि लांब व्यासपीठावर बसलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं. बाबा म्हणाले, "ते बघ, अध्यक्ष." मी बघितलं आणि भूक लागली म्हणालो.

त्या काळात आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'नाच रे मोरा' वर पोरींचा नाच ठरलेला असे. ते गाणं लिहिणारा माणूस जिल्ह्याच्या गावी आला होता आणि आम्हा पोट्ट्यांना त्याचा पत्ता नव्हता. मोठ्यांनाही सांगावंसं वाटलं नाही. गाणं कोणीतरी लिहितं हेच आम्हाला माहीत नव्हतं. ते पावसासारखं वरून पडतं अशी समजूत. तेव्हा दारापर्यंत लेखक आला म्हणजे तो मुलांपर्यंत आला असं नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला पुन्हा संमेलन झालं, ९२ वं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं आणि विरोधाच्या धमक्यांनंतर ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. कितीतरी लेखक मग गेले नाहीत. उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. यावर तेव्हा घराघरात भांडणं झाली, आमच्याही झाली, ती पुन्हा उकरत नाही. मला तेव्हा आणि आताही एवढंच वाटतं की दिलेली सुपारी परत घेऊ नये. जुन्या लोकांना हे कळत होतं. आणि त्याच दिवशी, कधी कोणी व्यासपीठावर बोलावलं नसतं अशी एक बाई आत आली, हेही विसरू नये. एकाच दारातून एक बाहेर राहिली आणि एक आत आली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी फोनाफोनी सुरू केली.

बाहुलीवाल्याने पहिल्यांदा विचारलं, "मुलं किती?" मी अभिमानाने सांगितलं, सहा शाळा, चारशे. तो हसला. "काका, हातमोज्याची बाहुली केवढी असते? पंजाएवढी. दहाव्या रांगेतल्या मुलाला काय दिसणार? एका खेळाला शंभर. चार खेळ करू, पण दोन दिवस लागतील." आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती मला फार पटली. त्या भागात पहिलीतलं पोर घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलतं आणि शाळेत येऊन मराठी शिकतं. बाहुलीला भाषा लागत नाही. म्हणून आधी बाहुली, मग लेखक. पोर एकदा हसलं की अनोळखी माणसाच्या मराठीलाही घाबरत नाही.

लेखिकाबाईंचा प्रश्न वेगळा होता. "माझं पुस्तक किती मुलांनी वाचलंय?" मी गप्प. मला १९७३ चा मांडव दिसला. त्या म्हणाल्या, "मग मला बोलावून काय करणार? हार घालणार?" शेवटी असं ठरलं की त्यांच्या दोन पुस्तकांच्या प्रती महिनाभर आधी सहाही शाळांत जातील आणि रोज परिपाठात एकेक पान वाचलं जाईल.

तारखेवरून घोळ झालाच. जानेवारीच्या सुरुवातीला भाचीने नको म्हटलं. शेवटची वेचणी चालू असते, निम्मी मुलं आईबरोबर कापसात. आठवडी बाजाराचा दिवस नको. परीक्षेच्या तोंडावर नको. फेब्रुवारीतले शुक्रवार-शनिवार उरले.

मग पैसे. दोघांचं मानधन, प्रवास, पुस्तकं, जेवण. एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत सूचना आली की प्रत्येक मुलामागे वीस रुपये घ्यावेत. सूचना काही वाईट हेतूची नव्हती. भाचीने मला विचारलं आणि माझा आवाज जरा चढला. मी म्हटलं, "एक रुपयाही घ्यायचा नाही. वही करायची नाही." तिला काही कळेना. मग मी तिला ती अकरा नावं सांगितली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली.

पैसे जमले. थोडे माझे, थोडे गावातून बाहेर पडून नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांचे. जेवण गावाने घातलं. रोख देता येत नव्हतं त्यांनी ज्वारी, तूरडाळ, वांगी आणून दिली. म्हणजे शिधाच की!

मी गेलो होतो. खेळ छान झाला, मुलं मनसोक्त ओरडली. लेखिकाबाईंना तिसरीतल्या एका मुलाने विचारलं, "पुस्तकातली शेळी शेवटी परत येते का नाही? तुम्ही लिवलंच नाही." बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" मग त्याने आणि त्याच्या मित्रांनी दहा मिनिटं वाद घातला. त्यांना ठाऊक झालं होतं की पुस्तक कोणीतरी लिहितं, आणि त्या कोणाला तरी जाब विचारता येतो.

खेळ संपल्यावर बाहुलीवाल्याने मुलांना पडद्यामागे बोलावलं. त्याच्या पेटीत एक जुनी राजस्थानी कठपुतळीही होती. एका मुलीने सरळ तिचा घागरा उचलला आणि ओरडली, "बाप्पा! हिले तं पायच नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. पोडावरच्या त्या मुलाला खरं उत्तर द्यायला मला पन्नास वर्षांचा उशीर झाला. तो चौथीनंतर शाळेत आला नाही आणि पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. भाचीने पुढच्या वर्षाच्या सुपारीचं आत्ताच विचारलंय. हो म्हटलंय.