गुरुजींचा जोडधंदा : पंतोजींच्या ओसरीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत



आपल्या मुलाचे गुरुजी शाळा सुटल्यावर मोबाइलसमोर धडा शिकवतात आणि त्याचे चार पैसे त्यांना मिळतात, असे कानावर आले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. 'गुरुजींनी शिकवावे, धंदा कशाला करावा?' असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न वाजवी आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी शिक्षकांच्या मिळकतीचा इतिहास थोडा चाळून पाहू या.

इंग्रजी अमलापूर्वी पंतोजी कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात मुले गोळा करीत, धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, मोडी वाचायला आणि पावकी-निमकीचे पाढे पाठ करायला लावीत. मशिदीलगतच्या मकतबात उस्ताद कुराण-पठणाबरोबर लिहिणे-वाचणे शिकवीत. दोघांनाही आजच्यासारखा बांधलेला पगार नव्हता. कोणी धान्य देई, कोणी सणाला कापड, कोणी थोडे पैसे. राहिलेली तूट लेखणी भरून काढी. गावकऱ्यांची पत्रे, अर्ज आणि हिशेब लिहून द्यावे लागत. ज्याचा नस्तालिक हात सुंदर, त्याला किताबतीचे काम मिळण्याजोगे होते. कारण उर्दू पुस्तके आणि वृत्तपत्रे कितीतरी काळ कातिबांनी हाताने लिहून मग शिळाप्रेसवर छापली जात.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. आपला जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. इंग्रजी राज्यात पगारी मास्तर आला, पण पगार तुटपुंजाच राहिला. तेव्हा खेड्यापाड्यांतील शाखा टपाल कचेरी पुष्कळ ठिकाणी शाळामास्तराकडेच सोपवली जाई आणि त्याबद्दल त्याला लहानसा भत्ता मिळे. या जोडकामाने गावाची सोय झाली. पत्र स्वीकारणारा, ते वाचून दाखवणारा आणि उत्तर लिहून देणारा माणूस एकाच ठिकाणी सापडू लागला.

स्वातंत्र्यानंतर आणखी दोन वाटा उघडल्या. पहिली वाट लेखन-भाषणाची. १९४८ साली नागपूर आकाशवाणी सुरू झाली आणि विदर्भातील शिक्षकांना मानधनावर भाषणे देता येऊ लागली. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे आपली 'बालभारती' स्थापन झाली. मराठी, उर्दू आणि इतर भाषांतील पाठ्यपुस्तकांच्या कामात अनुभवी शिक्षकांना स्थान मिळाले. दुसरी वाट खाजगी शिकवणीची. या वाटेवर मात्र काटे निघाले. वर्गात अर्धे शिकवायचे आणि उरलेले अर्धे संध्याकाळी घरी फी घेऊन, असा प्रकार जेथे चालला, तेथे फी न परवडणाऱ्या घरातील मूलच मागे पडले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास मनाई केली, ती याच दुखण्यावर इलाज म्हणून.

तरीही गरज संपलेली नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ३००० रुपये मानधन होते. पुढे ते ६००० झाले आणि २०२३ पासून १६००० रुपये. विनाअनुदानित शाळांतील आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांची ओढाताण आपणा सर्वांना ठाऊक आहे. अशा शिक्षकाला 'त्याग करा' एवढाच उपदेश करणे न्यायाचे होणार नाही.

आता इंटरनेटकडे वळू. राजस्थानातील अलवरचे शिक्षक इम्रान खान यांनी स्वतः पुस्तके वाचून मोबाइलसाठी ५० हून अधिक शैक्षणिक ॲप तयार केले आणि ते विद्यार्थ्यांना मोफत दिले. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानात पंतप्रधानांनी त्यांचे नाव घेतले आणि एका साध्या शिक्षकाचे काम देशभर पोहोचले. आपल्या महाराष्ट्रातील सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. मुलांच्या घरची भाषा कन्नड असल्याचे पाहून ते ती भाषा शिकले. पुस्तकातील धड्यांना त्यांनी क्यूआर संकेत जोडले. संकेतावर मोबाइल धरला की कविता ऐकू येई, धडा पाहता येई. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. दोघांनीही आरंभ केला तो समोरच्या मुलाची अडचण ओळखून. नाव मागाहून झाले.

आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांनी यातून काय घ्यावे? येथे मराठी, उर्दू, बंजारा, गोंडी, कोलामी आणि सीमेकडे तेलुगूही बोलली जाते. उर्दू माध्यमाच्या मुलाला दहावीचे बीजगणित त्याच्या बोलीत समजावणारा, किंवा कोलामी घरातील मुलाला मराठीची पहिली अक्षरे शिकवणारा माणूस पुण्या-मुंबईत शोधून सापडणे कठीण. तो पुसद, उमरखेड, दिग्रस, पांढरकवड्यात आहे. हेच त्याचे भांडवल.

निवृत्त शिक्षक, तसेच डी.एड., बी.एड. होऊन भरतीची वाट पाहणारे आणि घर सांभाळणाऱ्या आमच्या शिकलेल्या भगिनी यांना ऑनलाइन वर्ग घेता येतील. सेवेतील शिक्षकांनी मात्र मुख्याध्यापक व संस्थेची लेखी परवानगी घेऊन, नियम पाहूनच पाऊल टाकावे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी साधारणपणे १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. म्हणजे हा झटपट पैसा नव्हे. मिळालेले उत्पन्न आयकर विवरणात दाखवावे, आणि मुलांचे चेहरे पालकांच्या संमतीवाचून पडद्यावर आणू नयेत.

पालकहो, शेवटी कसोटी एकच आहे. टपाल सांभाळणाऱ्या मास्तराचे जोडकाम गावाच्या उपयोगी पडले. वर्गातला धडा अर्धा ठेवणाऱ्याची शिकवणी गरिबाच्या मुलाला महाग पडली. तेव्हा मोबाइलवर शिकवणारे गुरुजी दिसले, तर आधी आपल्या मुलाला विचारा : 'वर्गात धडा पूर्ण होतो का?' उत्तर 'होय' असेल, तर त्यांचा धडा शेजारच्या मुलांनाही दाखवा. इल्म वाटल्याने वाढते. ते वाटणाऱ्याची चूलही पेटली पाहिजे, याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.