'तिलावा' बोटीची गोष्ट

श्रोतेहो, 1942 चा नोव्हेंबर म्हटला की कळंब-कर्जतकडच्या माणसाला भाई कोतवाल आठवतात. त्यांचा आझाद दस्ता तेव्हा विजेचे मनोरे पाडीत होता. पुढे 2 जानेवारी 1943 रोजी कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर धारातीर्थी पडले. ही कथा आपण मुलांना सांगतो. त्याच महिन्यात मुंबईहून निघालेल्या एका आगबोटीची कथा मात्र सांगायची राहून गेली. ती आज ऐका.

20 नोव्हेंबरला 'तिलावा' बोट मुंबईहून मोंबासा-दरबानकडे निघाली. बोटीवर 958 माणसे होती. कुणी आफ्रिकेतल्या धंद्यावर परत निघालेले, कुणी बायकामुलांसह. पोटात साठ टन चांदी, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी. 23 तारखेच्या पहाटे भर समुद्रात जपानच्या आय-29 या पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. बोट लगेच बुडाली नाही. तेव्हा होड्यांत उतरलेले काहीजण पुन्हा वर चढले. आणि मग दुसरा पाणतीर आला!

दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' ही युद्धनौका मदतीला आली. 27 तारखेला वाचलेली माणसे मुंबईस पोचली. 280 जण पोचले नाहीत. तीन वर्षांचा एक मुलगा आईबरोबर वाचला. दुसऱ्या एका घरातले बाप आणि लहान मुलगी परतली. आई आणि भाऊ समुद्रातच राहिले.

आणखी एक सांगतो. याच पाणबुडीने एप्रिल 1943 मध्ये मादागास्करजवळ नेताजी सुभाषबाबूंना जर्मन पाणबुडीतून उतरवून घेतले. तिच्या हातून दोन्ही गोष्टी घडल्या. इतिहास सांगायचा तर दोन्ही सांगायला हव्यात.

ती चांदी 2017 साली समुद्रतळातून वर काढली. लगडी मोजल्या, 2,364 भरल्या. मालकीचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, 2024 साली निकाल लागला. आणि माणसे? त्यांचे वारस मुंबईत स्मरणासाठी एकत्र जमले ते 2022 साली, म्हणजे ऐंशी वर्षांनी.

गुरुजनहो, चांदीचा हिशेब ठेवणारे पुष्कळ असतात. माणसांचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो. तुमच्या गावातून कोण दूरदेशी गेले, कोण परतले नाही, हे मुलांना घरोघर विचारायला लावा आणि शाळेच्या वहीत नाव-सालासह लिहून ठेवा. आजीची आठवण आहे तोवरच हे काम होईल.