समुद्रावरचे रिकामे दिवस
(नभोवाणीवरील भाषण)

सागरी प्रवासाच्या इतिहासांत आगबोटी, बंदरें, कंपन्या आणि कप्तान यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मी आज ज्या विषयावर बोलणार आहें तो त्या मानानें क्षुल्लक वाटेल. एक बंदर सुटल्यावर दुसरें लागेपर्यंत जे दिवस जातात, ज्या दिवशीं चोहोंकडे पाण्यावांचून कांहीं दिसत नाहीं आणि प्रवाशाला करावयाचेंहि कांहीं नसतें, त्या रिकाम्या दिवसांचा हा इतिहास आहे. एखादें सुखवस्तु कुटुंब आज लांबच्या सागरी सफरीवर निघतें, तेव्हां तें पुष्कळदां या दिवसांचीच वाट पाहत असतें. आई डेकवर आरामखुर्ची टाकून वाचीत बसते, मुलें पोहण्याच्या तलावांत डुंबतात, वडील दुपारची झोप घेतात, आणि घरीं एकत्र न जेवणारीं माणसें तिन्ही वेळां एका टेबलाशीं बसतात. दोनशें वर्षांपूर्वीं हेंच दिवस माणसाला शिक्षेसारखे वाटत. शिक्षेचा काळ मोल देऊन घेण्याजोगा कसा झाला, आणि तें मोल कोणीं दिलें, हें आपण पाहूं.

शिडाच्या जहाजांचा काळ डोळ्यांसमोर आणावा. इंग्लंडाहून मुंबईस येणारें जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून येई, आणि त्याला चार ते सहा महिने लागत. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर प्रवाशाला भाड्यांत मिळे ती बहुधा मोकळी जागा. पलंग, टेबल, खुर्ची हें सामान ज्याचें त्यानें आणावयाचें. गोडें पाणी मोजून मिळे. वारा पडला म्हणजे जहाज दिवसेंदिवस एकाच जागीं डुलत राही. त्या प्रवासांत रिकामपण भरपूर होतें, परंतु विसावा नव्हता. हा भेद आपण ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सारा इतिहास त्यावरच उभा आहे.

वाफेचें यंत्र आलें म्हणून हा भेद एकदम मिटला नाहीं. चार्ल्स डिकन्स १८४२ च्या जानेवारींत 'ब्रिटानिया' या क्युनार्ड कंपनीच्या आगबोटींतून अमेरिकेस गेला. अटलांटिकच्या हिवाळी वादळांत त्याला बोट अशी लागली, आणि त्या चिमुकल्या खोलीचा त्याला असा वीट आला, कीं परतीच्या प्रवासासाठीं त्यानें मुद्दाम शिडाचें जहाज पसंत केलें. वाफेनें दिवस कमी केले होते. उरलेले दिवस सुखाचे केले नव्हते.

आपल्याकडील प्रवासाला वळण लागलें तें १८६९ सालीं. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला, आणि मुंबईहून निघालेला प्रवासी कांहीं आठवड्यांत इंग्लंडास पोहोंचूं लागला. मुंबई ते एडन हें अंतर सुमारें १,६५० सागरी मैलांचें. ताशी सोळा मैलांच्या चालीनें त्याला चार दिवसांहून थोडा अधिक वेळ लागे, आणि तेवढ्या काळांत जमीन दृष्टीस पडत नसे. बोट पश्चिमेकडे जात असल्यामुळें रोज घड्याळें सुमारें अर्धा तास मागें करावीं लागत. म्हणजे ज्याला काम नाहीं त्याच्या पदरांत रोज अर्धा तास अधिकच पडे!

हा वेळ घालविण्यासाठीं आगबोटींवर हळूहळू एक दिनक्रम ठरत गेला. डेकवर कनातीचें छप्पर लावीत. तेथें दोरीचीं कडीं फेकण्याचा खेळ चाले. कडेला जाळी बांधून क्रिकेटहि खेळत. माध्यान्हीं, मागील चोवीस तासांत बोट किती मैल चालली त्याचा आंकडा लागे, आणि त्यावर प्रवाशांच्या पैजा लागत. रात्रीं वाद्यें, नाच, क्वचित् सोंगांचा मेळावा. मुलांचें जेवण मोठ्यांच्या आधीं उरकून घेत. साहेबांच्या कुटुंबांत मुलांना सांभाळण्यासाठीं हिंदी आया असे. ती मुलांबरोबर विलायतेस जाई, आणि तेथें काम संपलें म्हणजे परतीची वाट पाहत राही. अशा आयांसाठीं लंडनच्या हॅकनी भागांत एक वसतिगृहच चालत असे.

आपल्या माणसांना मात्र या दिवसांत विसावा क्वचितच मिळाला. पंडिता रमाबाई १८८३ सालीं आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षीं एप्रिलच्या ७ तारखेस आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या ४ तारखेस न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, बरोबर आप्तांपैकीं कोणी नाहीं, आणि समुद्रावर जवळजवळ दोन महिने! पुढें १८८८ च्या सप्टेंबरांत मोहनदास गांधी 'क्लाइड' बोटीनें मुंबईहून निघाले. संकोचामुळें ते जेवणाच्या टेबलाशीं जात नसत. घरून आणलेली मिठाई आणि फळें खोलींत बसून खात. १८९१ त परतल्यावर जातीच्या समाधानासाठीं त्यांना नाशकास स्नान करून शुद्ध व्हावें लागलें. ज्याला आहाराचा, आचाराचा आणि मागें राहिलेल्या जातगंगेचा घोर लागलेला आहे, त्याला अरबी समुद्राची शांत संध्याकाळ तरी काय विसावा देणार? विसाव्याला मोकळा वेळ लागतो, आणि निर्धास्त मनहि लागतें.

यूरोपांत व अमेरिकेंत याच सुमारास निराळी कल्पना मूळ धरूं लागली होती. कोठेंहि पोहोंचण्याची निकड नसतांना समुद्रावर जावयाचें, ही ती कल्पना. १८४४ सालीं कादंबरीकार थॅकरे याला पी. अँड ओ. कंपनीनें भूमध्य समुद्राची सफर फुकट घडविली. त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें आणि कंपनीची जाहिरात आपोआप झाली. १८६७ सालीं 'क्वेकर सिटी' नांवाची आगबोट न्यूयॉर्कहून यूरोप व पॅलेस्टाइन यांच्या पांच महिन्यांच्या सफरीवर निघाली. भाडें माणशीं १,२५० डॉलर. प्रवाशांत मार्क ट्वेन होता. बहुतेकांनीं पहिल्या दिवशीं मोठ्या उमेदीनें रोजनिशी लिहावयास घेतली आणि थोड्याच दिवसांत ती टाकून दिली, असें त्यानें गमतीनें लिहून ठेवलें आहे. या लोकांचें लक्ष मात्र बंदरांवर होतें. रोम, अथेन्स, जेरुसलेम पाहावयाचें. मधले दिवस कसे तरी काढावयाचे.

मधल्या दिवसांना किंमत आली ती एका व्यापाऱ्याच्या अडचणींतून. हांबुर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालीन यांच्यापुढें प्रश्न असा होता, कीं हिवाळ्यांत उत्तर अटलांटिकवर प्रवासी मिळत नाहींत आणि मोठमोठ्या बोटी गोदींत पडून राहतात. बोट उभी असली तरी खर्च चालूच. तेव्हां त्यांनीं १८९१ च्या २२ जानेवारीस 'ऑगुस्ता व्हिक्टोरिया' ही बोट २४१ प्रवासी घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे धाडली. स्वतः बालीन सपत्नीक तींत होते. लोकांनीं ही कल्पना वेडेपणाची ठरविली होती, परंतु दोन महिन्यांची ती सफर यशस्वी झाली. त्यानंतर १९०० सालीं याच कंपनीनें 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे' ही बोट केवळ सफरींसाठीं बांधली. ती १९०६ सालीं जमेकाच्या किनाऱ्यावर खडकावर चढून निकामी झाली; प्रवासी वांचले. बोट गेली, पण प्रघात पडला.

पहिल्या महायुद्धानंतर या प्रघाताला परिस्थितीनें हात दिला. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनीं अमेरिकेनें बाहेरून वस्तीस येणाऱ्या लोकांवर मर्यादा घातली. ज्या गरीब प्रवाशांच्या जोरावर अटलांटिकच्या बोटी चालत, ते कमी झाले. कंपन्यांना दुसरें गिऱ्हाईक शोधणें प्राप्त झालें. १९२२ च्या नोव्हेंबरांत क्युनार्डची 'लॅकोनिया' न्यूयॉर्कहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली आणि १३० दिवसांनीं परतली. १९३० नंतरच्या मंदींत तर मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडतील अशा लहान सफरी निघाल्या. याच सुमारास पी. अँड ओ. च्या 'स्ट्रॅथनेव्हर' आणि 'स्ट्रॅथेअर्ड' या पांढऱ्याशुभ्र बोटी पाण्यावर आल्या. त्यांना धुराडीं तीन, परंतु धूर निघे तो मधल्या एकांतूनच. उरलेलीं दोन शोभेचीं! प्रवाशाला आतां बोटीकडून वाहतुकीबरोबर वैभवाचा देखावाहि हवा होता, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

दोन अडचणी तरीहि उरल्या होत्या. पहिली बोट लागण्याची. १९३६ पासून बोटींच्या कुशींना पाण्याखालीं पंख बसवून डोलणें कमी करण्याची युक्ति प्रचारांत आली. १९४७ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथें एका बाईला अंगावरील पित्तासाठीं एक नवें औषध दिलें, तेव्हां ट्रामच्या प्रवासांत तिला होणारी मळमळहि थांबली. पुढें सैनिकांच्या जहाजावर प्रयोग होऊन तें औषध समुद्रप्रवाशांच्या कामास आलें. दुसरी अडचण आपल्या या नभोवाणीच्याच कुळांतली. १९०० सालीं प्रवासी बोटीवर बिनतारी यंत्र बसलें आणि थोड्याच वर्षांत समुद्रावर बातम्या व बाजारभाव रोजच्या रोज छापून मिळूं लागले. त्यापूर्वीं बंदर सोडलेल्या गृहस्थाला कचेरी गांठूं शकत नसे. त्याचे ते दिवस निर्विवाद त्याच्या कुटुंबाचे असत. बिनतारी यंत्रानें संकटांतलीं असंख्य माणसें वांचविलीं, हें त्याचें ऋण मोठें आहे. परंतु समुद्रानें दिलेला तो एकान्तवास त्यानें कायमचा संपविला.

आतां मोल कोणीं दिलें हा प्रश्न उरला. ज्या डेकवर कुटुंब विसावा घेई, त्याच्या खालीं अनेक मजल्यांवर त्याच दिवसाचें दुसरें रूप असे. पी. अँड ओ. च्या बोटींवर डेकवरील खलाशी गुजराथच्या व कोंकणच्या किनाऱ्यावरचे, भट्टीवरचे आगवाले व कोळसेवाले पुष्कळसे पंजाब व सरहद्दीकडचे, आणि जेवण वाढणारे, खोल्या झाडणारे गोवेकर. सारंग आणि टंडेल यांच्या हाताखालीं पाळ्या चालत. लाल समुद्रांत वर छपराखालीं बसलेल्यांचाहि जीव कासावीस होई, तेथें भट्टीपुढील माणसाचें काय होत असेल त्याची कल्पनाच केलेली बरी. वेतन मात्र गोऱ्या खलाशाच्या मानानें फारच थोडें. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच या खलाशांनीं ठिकठिकाणीं संप केले आणि कांहीं वाढ पदरांत पाडून घेतली. त्या युद्धांत सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी प्राणांस मुकले. ज्या 'लॅकोनिया'नें पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, तीहि १९४२ च्या सप्टेंबरांत पाणतीरानें बुडाली.

मुंबईच्या धोबीतलावावर गोवेकरांच्या गांवोगांवच्या 'कुडी' होत्या. बोटीची वाट पाहणारा माणूस तेथें आपली पेटी ठेवून राही आणि बोट मिळाली कीं जाई. त्याची बायको-मुलें सासष्टींत किंवा बारदेशांत. रत्नागिरीकडील खलाशाचें घर असेंच, मनीऑर्डरीवर चालणारें. समुद्रावर एका कुटुंबाला जे दिवस एकत्र मिळत, त्याच दिवसांनीं दुसरें कुटुंब विभागलेलें असे. इतिहासाच्या जमाखर्चांत हीं दोन्हीं कलमें एकाच पानावर लिहिलीं पाहिजेत.

१९५८ सालीं अटलांटिक ओलांडणारे विमानांतील प्रवासी बोटींतील प्रवाशांहून अधिक झाले. त्यापुढें तातडीच्या माणसाला बोटीचें कारण उरलें नाहीं. १९६७ ते १९७५ सुएझचा कालवाहि बंद होता. पोहोंचविण्याचें काम गेल्यावर प्रवासी बोटी संपतील असें अनेकांनीं भाकित केलें, आणि जुन्या नियमित बोटी खरोखरच संपल्या. टिकल्या त्या कोठेंच पोहोंचवावयाचें नसलेल्या. १९६९ सालीं चालूं झालेली 'क्वीन एलिझाबेथ २' ही बोट १९७५ पासून जगाच्या सफरींवर निघूं लागली. ज्या दिवसांना सारे कंटाळत, तेच दिवस शेवटीं बोटींचें उपजीविकेचें साधन ठरले.

यांतून मला एवढेंच दिसतें, कीं विसावा हा समुद्रानें दिलेला नाहीं. समुद्र डिकन्सच्या वेळीं होता तोच आहे. विसावा आला तो स्थिर बोट, सुरक्षित वाट, निश्चिंत मन आणि दुसऱ्याचे राबणारे हात एकत्र आले तेव्हां. आज उपग्रहांमुळें भर समुद्रांतहि कचेरी माणसाला हांक मारूं शकते. म्हणून त्या दिवसांचें राखण आतां अंतर करीत नाहीं, ज्याचें त्यालाच करावें लागतें. आणि डेकवरील खुर्चींत रेलून बसल्यावर चहा आणून देणाऱ्या माणसाला त्याचें घर कोठें आहे आणि तो तेथें केव्हां जाणार, एवढें विचारावयास कोणत्याहि कुटुंबाला सवड होण्यासारखी आहे. रिकाम्या दिवसाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाहीं.